जुन्या मॅन्युअल मॅक्रो लेन्स डिजिटलवर: ५५, ९० की १०५?

कवडसा
सोनी ए६००० साठी (२४ मेगापिक्सेल, एपीएस-सी म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर) एक जुनी मॅन्युअल मॅक्रो घ्यायची आहे. वापर दोन प्रकारचा. पावसाळ्यात सड्यावरची (कातळ पठारावरची) बारीक फुलं, टाचण्या-चतुरांसारखे किडे. आणि घरी ३५ मिमीच्या जुन्या स्लाइड्स डिजिटल करणं.

यादी तिघांवर आली आहे: निकॉनची मायक्रो-निक्कोर ५५/३.५ एआय (५५ मिमी, एफ/३.५) आणि सोबत पीके-१३ ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी), टॅमरॉन एसपी ९०/२.५ (५२बी), किंवा किरॉन १०५/२.८. तिन्ही निकॉन माउंटमध्ये पाहतोय, म्हणजे एकाच अ‍ॅडाप्टरवर भागेल.

नेटवरच्या बहुतेक तुलना पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला केलेल्या असतात. मॅक्रोसाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही असं माझं मत आहे. जाणकारांनी प्रत्यक्ष वापरातला फरक सांगावा.

टाचणी
किड्यांसाठी ९०. डोळे झाकून घ्या. ५५ने चतुराच्या इतकं जवळ जावं लागतं की तो थांबतच नाही.

एफ_आठ
तीक्ष्णतेवरून या तिघींत निवड करू नका, कारण कामाच्या अ‍ॅपर्चरला तो फरक उरतच नाही. कारण सांगतो.

लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा अनंतावर फोकस असतानाचा असतो. जवळ गेलात की लेन्स सेन्सरपासून लांब सरकते आणि प्रत्यक्ष परिणाम लहान अ‍ॅपर्चरसारखा होतो. ढोबळ हिशोब: लिहिलेला आकडा गुणिले (१ + मोठेपणा). मोठेपणा म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा भागिले वस्तूचा खरा आकार: १:१ ला दोन्ही सारखे, १:२ ला प्रतिमा निम्मी. म्हणजे एफ/८ लावलंत तर १:२ वर ते एफ/१२ होतं आणि १:१ वर एफ/१६. एफ/१६ ला विवर्तनाने (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) एका बिंदूचा ठिपका साधारण २१ मायक्रॉनचा पडतो. तुमच्या सेन्सरचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे एक बिंदू पाच-साडेपाच पिक्सेलांवर पसरणार. इथे लेन्स कुठली यापेक्षा भौतिकशास्त्र जास्त बोलतं.

म्हणून एपीएस-सीवर १:१ ला सपाट वस्तू असेल किंवा स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) करायचं असेल तर एफ/५.६, त्यापुढे नको. हातात धरून किडा टिपताना एफ/८ ते एफ/११, आणि थोडा मऊपणा मान्य करायचा. एफ/१६ च्या पुढचे आकडे विसरून जा.

खोलीचा, म्हणजे पुढे-मागे किती भाग धारदार येतो त्याचा, अंदाज: १:१ वर एफ/८ ला एपीएस-सीसाठी जेमतेम ०.६ मिमी. १:२ वर तेच जवळपास २ मिमी. चतुराचं डोकं आणि छाती एकत्र धारदार हवी असेल तर १:२ लाच थांबून क्रॉप करणं जास्त फायद्याचं.

ट्रायपॉड_काका
एफ_आठ, किड्यांपुरतं पटलं. स्लाइडसाठी नाही. स्लाइड सपाट असते, तिथे मधला भाग कसा आहे याला महत्त्व नाही, चारही कोपरे एकाच वेळी फोकसमध्ये येतात का ते पाहायचं. आणि इथे ५५/३.५ अजूनही पुढे आहे. ती लेन्स मुळातच जवळच्या सपाट कामासाठी, कागदपत्रांच्या नकलांसाठी रचलेली आहे.

शिवाय मोठेपणा बघा. ३५ मिमी स्लाइडची चौकट ३६ × २४, तुमचा सेन्सर २३.५ × १५.६. म्हणजे लागणारा मोठेपणा ०.६५. नुसती ५५ थांबते ०.५ ला. पीके-१३ लावली की पल्ला ०.५ ते १ होतो, ०.६५ बरोबर मध्ये बसतं. टॅमरॉनलाही हेच करायला वेगळी १८एफ ट्यूब लागते. किरॉन मात्र ट्यूबशिवाय थेट १:१ पर्यंत जाते, पण ०.६५ ला १०५ने सेन्सरपासून स्लाइड ४४ सेंटिमीटरवर जाते. ५५ने २३ सेंटिमीटर. टेबलावरच्या कॉपी स्टँडला २३ झेपतं, ४४ ला थरथर वाढते.

मुंगळा
आणि १:१ च्या पलीकडचं काय? सगळे चतुर नसतात. मुंगी पाच मिलिमीटरची. १:२ वर तुमच्या चौकटीची रुंदी ४७ मिमी, त्यात मुंगी म्हणजे नवव्या-दहाव्या हिश्शात. उडी मारणारे कोळीही तेवढेच. माझं मत किरॉनला. हेलिकॉइड (फोकसची आट्यांची नळी) फिरवत फिरवत अनंतापासून १:१, मध्ये काहीही काढा-लावायचं नाही. पावसात ट्यूब बदलणं म्हणजे सेन्सरवर थेंबाला आमंत्रण.

एक माहिती: हीच किरॉन 'लेस्टर ए. डाइन' या नावाने दंतवैद्यांसाठी विकली जायची. व्हिव्हिटारची १०५/२.५ सुद्धा किनोनेच, म्हणजे किरॉनवाल्यांनीच बनवलेली. व्हिव्हिटारच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा: २२ म्हणजे किनो, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. नाव बदललं म्हणून दुर्लक्ष करू नका.

टाचणी
@मुंगळा, अंतराचे आकडे द्या ना कोणीतरी. सगळं त्यावर अडलंय.

एफ_आठ
लेन्सच्या पुढच्या कडेपासून वस्तूपर्यंत, साधारण:
५५, १:२ ला: ११ सेंटिमीटर
५५ + पीके-१३, १:१ ला: ५ ते ६
टॅमरॉन ९०, १:२ ला: २० च्या थोडं वर
किरॉन १०५, १:१ ला: १५ च्या आसपास

५५/३.५ ची पुढची काच नळीत खूप आत बसवलेली आहे. त्यामुळे वेगळं हूड लागत नाही, ही जमेची बाजू. पण १:१ ला नळीची सावली वस्तूवर पडते, ही दुसरी बाजू.

बेलोज
अ‍ॅडाप्टरबद्दल कोणी बोललं नाही, आणि अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात.

माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉन एफचं ४६.५ मिमी, सोनी ईचं १८. म्हणजे अ‍ॅडाप्टर २८.५ मिमी जाड हवा. बाजारातले बरेचसे अनंताच्या पुढे फोकस जावा म्हणून किंचित पातळ बनवतात. मॅक्रोला त्याने बिघडत नाही. बिघडतं ते ढिलेपणाने. लेन्स अ‍ॅडाप्टरमध्ये डुगडुगत असेल तर चित्राची एक बाजू कायम मऊ येईल आणि दोष लेन्सला मिळेल. तपासणी सोपी: लेन्स हाताने हळूच वर-खाली ढकला, मोठ्या केलेल्या लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र सरकलं तर अ‍ॅडाप्टरच्या आतल्या पितळी स्प्रिंगपट्ट्या बारीक पेचकसाने किंचित उचलून घ्या.

दुसरं, अ‍ॅडाप्टरच्या आतला भाग चमकदार काळा असतो. मोठ्या ट्यूबसोबत तो प्रकाश सेन्सरवर फेकतो, मधोमध फिकट धुरकट पट्टा दिसतो, काँट्रास्ट जातो. आत काळा मखमली चिकट कागद लावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि नवी लेन्स घेतल्यासारखा फरक पडतो.

तिसरं: अ‍ॅपर्चरची रिंग असलेला 'जी' प्रकारचा अ‍ॅडाप्टर घेतलात तर त्याची रिंग पूर्ण बंद टोकाला ठेवा. ती उघडी राहिली तर लेन्सवर एफ/८ लावा नाहीतर एफ/१६, अ‍ॅपर्चरची पाती उघडीच राहतात.

कवडसा
बेलोज, हे तिसरं फारच उपयोगाचं. जी प्रकारचाच अ‍ॅडाप्टर आहे माझ्याकडे. साधा घेऊ का?

बेलोज
तिन्ही लेन्सना स्वतःची रिंग आहे, मग साधाच बरा. कॅमेऱ्यात 'लेन्सशिवाय शटर' चालू करायला विसरू नका, नाहीतर बटण दाबून काहीच होणार नाही.

गेंद
धाग्यातल्या मूळ विधानाशी असहमत. उघड्या अ‍ॅपर्चरचा काडीचा उपयोग नाही? किड्यांसाठी नसेल. फुलांसाठी आहे. सड्यावर एका फुलामागे हजार फुलं आणि गवत असतं. एफ/८ ला मागचं सगळं खुपायला लागतं. सीतेची आसवे हे फूल एकट्याने उठून दिसायला हवं तर एफ/२.५ ते एफ/४ मध्येच काम करावं लागतं, आणि तिथे या तीन लेन्स अजिबात सारख्या नाहीत.

५५/३.५ ला सहाच पाती. दवबिंदूच्या झाडावरचे चिकट थेंब मागे आउट ऑफ फोकस गेले की स्पष्ट षट्कोन दिसतात. टॅमरॉन ५२बी एफ/२.५ ला काँट्रास्टमध्ये थोडी मवाळ, पण मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी. मात्र पांढऱ्या पाकळ्यांच्या कडांना फोकसच्या मागे हिरवी आणि पुढे जांभळी झाक येते. एफ/४ ला बरीच कमी, एफ/५.६ ला जवळपास गायब. रॉ प्रक्रियेत बाजूचा रंगदोष एका क्लिकने जातो, हा मागच्या-पुढच्या फोकसचा दोष मात्र तसा जात नाही, त्यामुळे टिपतानाच सांभाळायचा.

ट्रायपॉड_काका
गेंद, मान्य.

ज्यांना स्वतः तुलना करायची आहे त्यांनी ती नीट करावी. स्टीलची मोजपट्टी किंवा दहा रुपयांची नोट घ्या, नोटेवर 'भारत', 'आरबीआय' ही सूक्ष्म अक्षरं आहेत. नोट काचेखाली सपाट दाबा. नोटेच्या जागी एक छोटा आरसा ठेवा आणि लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा. हे झालं की सेन्सर आणि नोट समांतर आहेत. मग आरसा काढा.

आता महत्त्वाचं: अंतर सारखं ठेवू नका, मोठेपणा सारखा ठेवा. पट्टीवर चौकटीत किती मिलिमीटर मावतात ते तिन्ही लेन्सना एक असलं पाहिजे. आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स पक्का, दोन सेकंदांचा टायमर, इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन चालू. घरातल्या एलईडी दिव्याखाली शटर १/५० किंवा त्याहून सावकाश, नाहीतर उजेडाच्या लुकलुकीने प्रत्येक चित्राचं एक्स्पोजर वेगळं येतं. प्रत्येक अ‍ॅपर्चरला फोकस पुन्हा करा, कारण पाती मिटताना काही लेन्सचा फोकस सरकतो. फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका, ती रंगीत रेघ खऱ्या धारदार भागापेक्षा जाड दाखवते. ए६००० वर ११.७ पट मोठं करून बघा.

अशी तुलना केलीत की मधला भाग एफ/५.६ ला तिघींचा सारखाच दिसेल. फरक कोपऱ्यात आणि काँट्रास्टमध्ये सापडेल.

स्क्रूड्रायव्हर
आता लेन्सच्या तब्येतीबद्दल. पस्तीस-चाळीस वर्षं जुनी वस्तू घेताय, मॉडेलपेक्षा हातात येणारी प्रत महत्त्वाची.

पात्यांवर तेल: मायक्रो-निक्कोर ५५/२.८ ला हा आजार प्रसिद्ध आहे. हेलिकॉइडचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं, पाती सावकाश मिटतात किंवा चिकटून बसतात. तुमच्या यादीतल्या ५५/३.५ ला हे फार क्वचित. एसएलआरवर चिकट पाती म्हणजे एक्स्पोजर चुकलंच, पण ए६००० सारख्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) पाती आधीच मिटलेली असतात म्हणून काही लोक अशी लेन्स स्वस्तात घेऊन चालवतात. पूर्ण चिकटली की मात्र खोलावीच लागते.

खोलताना: स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात, फिलिप्सचा पेचकस लावलात तर डोकं झिजतं आणि मग कोणीच वाचवू शकत नाही. हेलिकॉइड सुटण्याआधी सुरुवातीची जागा दोन्ही भागांवर ओरखड्याने नोंदवा. त्यांना अनेक आटे असतात. चुकीच्या आट्यात बसवलंत तर अनंत कधीच मिळणार नाही. पाती लायटर फ्लुइडने धुवा आणि कोरडीच बसवा. पात्यांना वंगण लागत नाही.

बुरशी: मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा, पुढून बघा. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. पुसून निघते, पण लेपावर खाचा पडल्या असतील तर त्या राहतात. मधल्या चिकटवलेल्या काचांमध्ये कडेला इंद्रधनुषी रंगाचा डाग दिसला तर ती लेन्स सोडा, तो जोड सुटलाय. धुळीच्या दोन-चार कणांना घाबरू नका, चित्रात येत नाहीत.

टाचणी
स्क्रूड्रायव्हर +१. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी हा प्रतिसाद छापून कपाटावर लावावा.

पाणकोळी
बुरशी निघाली आहे तर साठवण. चामड्याच्या मूळ डबीत लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के हवेत. ३० च्या खाली सतत ठेवलंत तर ग्रीस आणि रबर सुकतं. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास, पुन्हा निळं होतं. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाच्या ओव्हनसाठी नारिंगी जेल बरं. तांदळात लेन्स पुरण्याचा सल्ला कुठे दिसला तर दुर्लक्ष करा, पिठाची धूळ हेलिकॉइडमध्ये जाते.

पावसातून आल्यावर लेन्स लगेच डब्यात बंद करू नका. आधी पंख्याखाली सुकू द्या.

डार्करूम
थोडं अवांतर, पण स्लाइडसाठी एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या) लेन्सचा कोणी विचार करत नाही याचं आश्चर्य वाटतं. एल-निक्कोर ५०/२.८ किंवा रोडागॉन ८०/४ या सपाट क्षेत्रासाठीच बनल्यात. एम३९ ते एम४२ (आट्यांची मापं) कडं, मग एम४२ चं सरकतं हेलिकॉइड, मग एम४२ ते सोनी. अनंत मिळवायचा अट्टहास नसेल तर जुळणी फार सोपी. १:१ च्या पुढे जायचं असेल तर लेन्स उलटी लावा.

एक गोष्ट सांभाळा: नव्या पिढीच्या एन्लार्जर लेन्समध्ये अ‍ॅपर्चरचा आकडा अंधारात उजळावा म्हणून प्रकाशाची खिडकी असते. कॅमेऱ्यावर तिथून उजेड आत शिरतो आणि सेन्सरवर धूसर डाग येतो. काळी टेप लावून बंद करा.

मुंगळा
डार्करूम, स्लाइडला छान, पण एन्लार्जर लेन्स घेऊन मुंगीमागे पळून बघा :) हेलिकॉइडचा पल्ला संपतो तेव्हा मुंगी वारुळात पोचलेली असते.

नवा_भिडू
एवढ्या खटाटोपापेक्षा नवीन मॅन्युअल मॅक्रो का नाही? लाओवा ६०/२.८ तर २:१ पर्यंत जाते. टीटीआर्टिसन ४०/२.८ एपीएस-सीसाठी १:१ देते, अ‍ॅडाप्टर नको, बुरशी नको.

एफ_आठ
प्रश्न रास्त आहे. २:१ हवं असेल तर लाओवाला जुन्यांत सरळ उत्तर नाही. ४० मिमीची अडचण अंतराची: १:१ ला वस्तू पुढच्या काचेला जवळपास चिकटते, किड्यांसाठी नाही चालत. फुलं आणि स्लाइडसाठी चालेल. बाकी, जुन्या लेन्सचं हेलिकॉइड लांब फिरतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फोकस बोटाने जमतो. हातात घेऊन बघा, मग ठरवा.

निकॉनवाला
मिररलेस नसलेल्यांसाठी: डी७१००, डी७२०० अशा बॉडीवर 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा'मध्ये ५५ आणि ३.५ भरलं की मीटर चालतो. डी३००० आणि डी५००० मालिकेत लेन्स बसते, मीटर चालत नाही, एक्स्पोजर हिस्टोग्रामवरून ठरवा. एआय माउंट येण्याआधीची, न बदललेली ५५ डी७००० मालिकेतल्या एआय टॅब असलेल्या बॉडीवर बळेच लावू नका, टॅब मोडतो. १९६३ च्या ऑटो आवृत्तीत जवळ जाताना अ‍ॅपर्चर आपोआप उघडायची व्यवस्था आहे. तुलनेत ती घेतलीत तर आकडे जुळणार नाहीत.

गेंद
फ्लॅशबद्दल राहिलं. १:१ ला दोन स्टॉप प्रकाश जातो (चौथा हिस्साच उरतो), त्यामुळे एफ/११ ला नैसर्गिक उजेड पुरत नाही. साधा मॅन्युअल फ्लॅश, ताकद १/१६ च्या आसपास, ए६००० वर शटर १/१६०. कमी ताकदीला फ्लॅशचा कालावधीच इतका लहान असतो की हात हलला तरी चित्र हलत नाही. लेन्सच्या पुढे वाकवलेला दुधी प्लॅस्टिकचा पत्रा किंवा बटर पेपरचे दोन थर लावा, आणि तो वस्तूच्या जितका जवळ तितका उजेड मऊ. किड्याच्या पाठीवरची चमक तिथेच आटोक्यात येते.

मॅन्युअल एक्स्पोजरमध्ये व्ह्यूफाइंडर काळा दिसेल. 'लाइव्ह व्ह्यू डिस्प्ले'मध्ये सेटिंग इफेक्ट बंद करा.

आणि सड्यावर फुलांच्या ताटव्यात पाय ठेवून कोणी मॅक्रो काढू नका. वाटेवरूनच जमतं. त्यासाठीच ९० किंवा १०५ हवी.

कवडसा
सर्वांचे आभार. उघड्या अ‍ॅपर्चरबद्दल गेंद यांचं म्हणणं पटलं, ते विधान मागे घेतो.

आता असा विचार आहे: स्लाइडसाठी ५५/३.५ + पीके-१३, बाहेरसाठी टॅमरॉन. टॅमरॉनचं अ‍ॅडाप्टॉल-२ (बदलता येणारं) माउंट निकॉन एआयचं मिळालं तर पीके-१३ तिलाही बसेल ना? मोठेपणा किती होईल?

एफ_आठ
बसेल. १:२ ला टॅमरॉनचं स्वतःचं सरकणं ४५ मिमी, त्यात पीके-१३ चे २७.५ मिळवा, ७२.५. भागिले ९०, म्हणजे ०.८. एपीएस-सीवर चौकटीची रुंदी २९ मिमी. मुंगळ्यांना कमी वाटेल, टाचण्यांना भरपूर.

मुंगळा
ठीक आहे, हा जोड मलाही मान्य. पण किरॉन चांगल्या स्थितीत समोर आली तर सोडू नका.

ट्रायपॉड_काका
स्लाइडसाठी निकॉनचा ईएस-१ कॉपी अ‍ॅडाप्टर (लेन्सपुढे स्लाइड धरणारी नळी) घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तो फुल फ्रेमच्या (३६ × २४ सेन्सरच्या) १:१ साठी आहे. तुमच्या सेन्सरला ०.६५ वर लेन्सपासून स्लाइड साडेआठ सेंटिमीटरवर लागते, ईएस-१ तिथवर पोचत नाही. मध्ये काच काढलेल्या ५२ मिमी फिल्टरच्या रिकाम्या चौकटी जोडून दोनेक सेंटिमीटर वाढवा. स्लाइडमागे दुधी अ‍ॅक्रिलिक चिकटवून ठेवू नका, तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवा, म्हणजे त्यावरची धूळ चित्रात येणार नाही.

स्क्रूड्रायव्हर
विकणाऱ्याकडून पैसे देण्याआधी तीन फोटो मागवा: मागून टॉर्च मारून पुढून काढलेला, एफ/२२ ला मिटलेल्या पात्यांचा अगदी जवळून, आणि माउंटच्या स्क्रूंचा. स्क्रूंची डोकी ओरबाडलेली असतील तर लेन्स आधी कोणीतरी खोलली आहे, मग का खोलली ते विचारा. टॅमरॉनसाठी चौथा: अ‍ॅडाप्टॉल माउंट बसवून लेन्सवर फिरवलेल्या अवस्थेत. माउंट नसलेली ५२बी स्वस्त दिसते, पण वेगळं निकॉन माउंट शोधायला गेलात की हिशोब उलटतो.